हिरव्या रेघेचा वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा कोपरखैरण्याच्या एका घरात उंबऱ्याशी पडून असतो, आणि मी इथे, कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात, काचेच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीवर. माझ्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. माझं वय किती, मी कुठल्या डोंगरातला, माझ्या अंगात कोणकोणती खनिजं आहेत, ते सगळं तिच्यावर निळ्या शाईनं लिहिलं आहे. माझ्यामुळे काय घडलं ते मात्र लिहिलेलं नाही. मित्रांनो, तेवढंच सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही.

माझं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. तेव्हा या भागात जमीन फाटून लाव्हारस वाहत होता. तो उघड्यावर पसरे, वाऱ्यानं भराभर निवे, आणि त्याचा काळा, बारीक दाण्याचा बेसाल्ट होई. थरावर थर चढत गेले आणि डोंगर झाले. हे माझे भाऊबंद. तुम्ही रोज त्यांच्यावरूनच चालता. आम्ही मात्र बाहेर आलोच नाही.

पृथ्वीच्या पोटात फार खोलवर प्रावरण नावाचा जाड थर आहे. तो घट्ट खडकच, पण इतका तापलेला की पिठाच्या गोळ्यासारखा हळूहळू सरकतो. त्यातला काही भाग वर सरकला. वर येता येता त्याच्यावरचा भार कमी झाला, आणि भार कमी होताच त्यातला थोडा अंश वितळला. सगळा नाही, थोडासाच. तोच शिलारस. लोह आणि मॅग्नेशियमनं भरलेला. तो फटीफटीतून वर निघाला, तुर्भ्याच्या डोंगराखाली जुन्या थरांच्या मध्ये अडकला, आणि तिथंच एका कोठीत साठून राहिला. वर डोंगराची गोधडी, त्यामुळे निवायला घाई नव्हती. घाई नसली की दाणा मोठा धरतो.

आधी दाणे धरले ते हिरव्या ऑलिव्हिनचे. ते रसाहून जड, म्हणून पातेल्यात तांदूळ बसावेत तसे तळाशी जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग काळपट पायरोक्सीन. आणि अगदी शेवटी उरल्यासुरल्या रसातून फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या. म्हणून कोठीच्या वरच्या अंगाचा खडक काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा झाला. त्याला गॅब्रो म्हणतात. तळाचा खडक मात्र गर्द हिरवा आणि हाताला जड. मी त्या तळाचा.

मग माझ्यात खोट कधी आली? तीही तेव्हाचीच. निवताना अंग आकसतं. आकसताना माझ्या मधोमध केसाएवढी एक भेग पडली. तिच्यातून ऊन ऊन पाणी शिरलं, आणि वाटेत भेटलेल्या ऑलिव्हिनचं रूप त्यानं पालटून टाकलं. त्याचं झालं सर्पेंटाइन. सापाच्या कातेसारखं हिरवं, बोटाला साबणासारखं गुळगुळीत, चाकूनं सहज ओरखडा उठेल इतकं मऊ. त्या मऊ भरावानं भेग बुजली आणि वरून मी एकसंध दिसू लागलो. मलाही वाटलं, भरली भेग. भरली नव्हती, नुसती झाकली होती.

मग कोटी कोटी वर्षं काहीच घडलं नाही. घडलं ते एकदम १९९२ साली. खाली नवं शहर उभं राहत होतं. त्याच्या रस्त्यांना, इमारतींना खडी हवी होती. डोंगराच्या कुशीत खाण लागली, सुरुंग उडाले, आणि एका दुपारी मी पहिल्यांदा ऊन पाहिलं.

त्या खाणीत हौसेराव नावाचा पन्नाशीचा गडी होता. साताऱ्याकडचा. गावी तो जाती आणि पाटे घडवायचा. इथं आला आणि खडी फोडू लागला. बायको मुक्ताबाई आणि लेक राजलक्ष्मी यांच्यासह खाणीच्या पायथ्याला पत्र्याच्या खोपीत राहायचा. पण हातातली टाकी, दगड घडवायची छिन्नी, त्यानं सोडली नव्हती. दगड हाती आला की तो सुतकीनं, म्हणजे आपल्या छोट्या हातोडीनं, त्याच्यावर हलकेच ठोका मारायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा.

दर रविवारी तिथं मीनाबाई यायच्या. वाशीला राहायच्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. हातात हातोडी, गळ्यात भिंग, खांद्याला मांजरपाटाची पिशवी. दगड फोडून त्या ताज्या तुकड्याला चक्क जीभ लावायच्या आणि मग भिंग धरायच्या.

"बाई, आमी फोडतो आन् तुमी चाटता," हौसेराव म्हणायचा. "कसला हो ह्यो उपास?"

"मीठ कमी हाय का बघत्यात," सिताराम नावाचा त्याचा सोबती लगेच पुस्ती जोडायचा. "क्रशरवाल्याला सांगाया पायजे, चिमूटभर टाक म्हनून."

मीनाबाई हसायच्या. "सिताराम, ओला केला की दगड खरं बोलतो. कोरडा असताना नुसता धुळीचा असतो. हे बघा, हे हिरवे दाणे."

मग भाकरी खाता खाता त्या गड्यांना आमच्या जन्माची कथा सांगायच्या. आज मी तुम्हाला जी सांगितली ती मी तिथंच ऐकली. तोवर मला माझं मूळ कुठं ठाऊक होतं? "हा तळाचा थर फार थोडा आहे," त्या सांगायच्या. "डोंगरात सगळीकडे मिळायचा नाही." त्या बोलत असायच्या आणि पलीकडे खडी पाडणारा क्रशर माझ्या सख्ख्यांना चावत असायचा. दोन महिन्यांत तो थर कोपरखैरण्याच्या रस्त्याखाली जाऊन झोपला. उरलो मी एकटा, कारण हौसेरावानं मला ठोका मारला तेव्हा मी खण्णकन वाजलो, आणि त्यानं मला खोपीच्या मागं लपवून ठेवलं.

पुढच्या वैशाखात राजलक्ष्मीचं लग्न ठरलं. नवरामुलगा शिवतेज, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या बाजूला माथाडी. सासू गोजराबाई बोलायला फटकळ, पण मनानं मोकळी. "आमाला कपाट नको, पलंग नको," तिनं आधीच सांगून टाकलं. "पोरगी द्या आन् नारळ द्या." पण बापाचं मन. हौसेराव म्हणाला, माझ्या हातचं काहीतरी जाईल. पाटा त्यानं साध्या काळ्या दगडाचा घडवला आणि वरवंटा माझा. आठ दिवस कामावरून आला की टाकी घेऊन बसायचा. मुक्ताबाईनं खोपीखोपीतून सांगून टाकलं, "आमच्या राजीला हिरवा वरवंटा जाणार हाय, उभ्या मुंबईत असा न्हाई."

मित्रांनो, पाथरवटाची एक रीत असते. घडवून झालेला दगड तो पाण्यात बुडवतो, बाहेर काढतो आणि उन्हात ठेवून वाळताना पाहतो. अंग चांगलं असलं तर पाणी सगळीकडून एकसारखं उडतं. आत भेग असली तर तिथं पाणी मुरतं आणि तेवढी रेघ मागं ओली राहते. नाद फसवू शकतो, पण ओली रेघ फसवत नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी हौसेरावानं मला बादलीत बुडवलं आणि उन्हात ठेवलं. मी वाळलो. मधोमध एक बारीक ओली रेघ राहिली.

तो उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर करून इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. साधा काळा दगड घेऊन तो संध्याकाळपर्यंत दुसरा वरवंटा करू शकला असता. पण हिरव्या वरवंट्याची गोष्ट पंचक्रोशीत झाली होती. "टिकंल," तो स्वतःशीच म्हणाला. आत जाऊन त्यानं शेंगदाण्याच्या तेलाची वाटी आणली आणि माझ्या सर्वांगाला तेल चोळलं. मी काळाभोर, लखलखीत झालो. रेघ दिसेनाशी झाली. मग जणू माझीच साक्ष काढावी तसा त्यानं सुतकीनं एक ठोका मारला.

मी पुन्हा खण्णकन वाजलो.

वाजलो नसतो तर? जरा बद्द आवाज काढला असता तर? त्या माणसाचं मन तेव्हा दोन्हीकडं झुकत होतं. माझ्या एका नादानं त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं. तेल त्याचं होतं, पण नाद माझा होता. हे मी आजवर विसरलो नाही.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात मी नांदू लागलो. पहिल्या दिवशी गोजराबाई म्हणाली, "बापानं धोंडा दिला, त्योबी हिरवा!" पण चार दिवस लसणीची चटणी खाल्ल्यावर तिचा सूर बदलला. शेजारची चांगुणाबाई मला उसना मागायला आली की ती म्हणायची, "न्हे, पर सांजच्याला आन. आमच्या इवायाच्या हातचा हाय." वाटणाच्या वेळी राजलक्ष्मी मला दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं डुलायची आणि आपणच जुळवलेली ओवी गायची:

"डोंगराच्या पोटामंदी, हिरवा गं दाणा दाणा
बाप माझा लई शाना, त्यानं येचिला दगड."

ती बापाला शहाणं म्हणायची आणि माझ्या पोटातली भेग मला टोचायची. तिच्या तळव्यांची ऊब माझ्या अंगात उतरायची. मी मनात म्हणायचो, पोरी, नको गं गाऊ.

पुढं तिसऱ्या दिवाळीला शिवतेजनं मिक्सर आणला. मी ओट्याखाली गेलो. वीज गेली की तेवढी माझी आठवण व्हायची. एरवी झुरळं आणि मी. वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू? थोडं बरंही वाटायचं. वापरलं नाही म्हणजे फुटणार नाही. लग्नापासूनची जवळजवळ तीन वर्षं अशी निभावली.

१९९६च्या जानेवारीत राजलक्ष्मीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण गोजराबाईनंच ठरवलं, "खाणीच्या धुळीत कशाला? हितंच करू." इतकं तिला कळत होतं, हे लक्षात ठेवा. बाराव्या दिवशी बारसं. आणि बारशाला मान कुणाचा? माझा. बाळाआधी वरवंट्याला न्हाऊमाखू घालतात, कुंची घालतात, काजळ लावतात आणि पाळण्यात निजवतात. बाळ दगडासारखं टणक होवो, शंभर वर्षं जगो, म्हणून. ओट्याखालून मला काढलं तेव्हा माझा ऊर भरून आला.

थंडी कडक होती. मी रात्रभर मोरीच्या गार फरशीवर होतो. राजलक्ष्मीनं बाळाच्या आंघोळीचं कढत पाणी तांब्यानं माझ्यावर ओतलं. गार दगड, कढत पाणी. माझ्या अंगातून एक बारीकशी कळ गेली. आवाज इतका हलका की बायांच्या गलक्यात कुणाला ऐकू आला नाही. मला पुसलं, कुंची घातली आणि गोजराबाईच्या हातात दिलं. पाळण्याच्या पलीकडून चांगुणाबाईनं हात पुढं केले. गोजराबाई मला तिच्याकडं देणार, तोच मी तिच्या हातात दोन झालो. अर्धा कुंचीत राहिला. अर्धा पाळण्यातल्या मऊ दुपट्यावर पडला, जिथं दुसऱ्या क्षणी बाळ ठेवायचं होतं तिथंच.



"आगं बया," चांगुणाबाई हळूच म्हणाली. "वरवंटा कवा असा फुटतो व्हय?"

"पाळन्यात फुटला," दुसरी कुणी कुजबुजली. "लेकीचा पायगुण."

गोजराबाईनं कुंचीतला तुकडा पदरात घेतला. तिनं राजलक्ष्मीकडं पाहिलं. "तू काय केलंस गं? पाडलास व्हय मोरीत?"

"न्हाई आत्याबाई. नुसतं पानी घातलं."

"नुसत्या पान्यानं दगड फुटतो? हातांत काय हाय तुझ्या?"

शिवतेज दाराशी मान खाली घालून उभा होता. आणि त्याच्या शेजारी हौसेराव. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. आता बोलेल, मला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. तो बोलला नाही.

"आज नाव ठेवायचं न्हाई," गोजराबाई म्हणाली. भीतीनं तिचा आवाज चिरका झाला होता. "देवरुषाला पुसल्याबिगर न्हाई. पोरगीला घेऊन जावा माहेरी. मी बोलवीन तवा या." आणि माझे तुकडे फडक्यात बांधून तिनं हौसेरावाच्या हाती दिले. "हे खाडीत सोडा."

त्यानं मला खाडीत सोडलं नाही. खोपीतल्या बाजेखाली सरकवलं. पंधरा दिवस मी तिथून सगळं ऐकलं. क्रशर दिवसभर चालायचा. धूळ पत्र्याच्या फटीतून पिठासारखी आत यायची. मुक्ताबाई ओली धोतरं दाराला टांगायची, पण धूळ काय ऐकते? नाव नसलेलं ते लेकरू शिंकायचं, मग खोकायचं. एवढ्याशा छातीतून तो खोकला निघायचा आणि बाजेवर बसलेला हौसेराव डोळे मिटून घ्यायचा. राजलक्ष्मी दिवसातून दहादा आपले हात उलटसुलट करून पाहायची. एकदा तिनं आईला विचारलं, "आये, माझ्या हातांत खरंच काय असंल का गं?"

"गप ए," मुक्ताबाई म्हणाली, पण तिचाही आवाज खात्रीचा नव्हता.

पंधराव्या दिवशी रविवार होता. मीनाबाई आल्या. हौसेरावानं मला फडक्यासकट बाजेखालून ओढलं, आणि खाणीच्या कडेला नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं.

"अगंबाई! हा तर आपला तळाचा थर!" त्यांना आधी आनंदच झाला. मग त्यांनी त्याचं तोंड पाहिलं आणि त्या खाली बसल्या. त्यानं बारशाचं सगळं सांगितलं. तेलाचं तेवढं नाही.

मीनाबाईंनी माझ्या फुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं, भिंग लावलं, चाकूचं टोक टेकवलं. "हौसेराव, ही भेग नवी नाही. आज फुटलेला दगड खरखरीत असतो. हे बघा, हे साबणासारखं लागतं. हे सर्पेंटाइन आहे. याला तयार व्हायला पाणी लागतं, उष्णता लागते, आणि काळ तर किती लागतो विचारू नका. ही भेग माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या आधीची. बारा दिवसांच्या पोरीचा त्यात काय संबंध?"

हौसेराव एकदम पुढं सरकला. "तसं लिवून द्याल का बाई? कागदावर, कालेजच्या शिक्क्यानं? इहीनबाईस्नी दावतो."

"देईन की." त्यांनी पिशवीतून वही काढली. पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या. "एक विचारू? तुमच्यासारख्या माणसानं हा पाण्यात बुडवून वाळवला नाही, असं कसं झालं?"

क्रशर चालू होता. हौसेराव पायाच्या अंगठ्यानं खडीत रेघा ओढत राहिला.

"वाळवला व्हता," तो शेवटी म्हणाला.

"मग रेघ?"

"दिसली व्हती."

मीनाबाईंनी टोपण परत पेनाला लावलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मग माझा कागद कशाला, हौसेराव? हे तुम्हीच सांगायला पाहिजे."

तो तसाच उठला. माझे दोन्ही तुकडे दोन हातांत घेऊन खोपीत आला. राजलक्ष्मी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यापुढं तो जमिनीवर बसला आणि रेघेचं, तेलाचं, सगळं सांगून मोकळा झाला. मध्ये एकदाही मान वर केली नाही.

  ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

"आबा," ती म्हणाली, "मी तुमच्यावर ओवी जुळवली व्हती."

"ठावं हाय पोरी."

"तीन वर्सं गात व्हते."

  त्या क्षणी मला पुन्हा कोठीच्या तळाशी जाऊन बसावंसं वाटलं.

तासाभरात सगळे कोपरखैरण्याला आले. गोजराबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बाळाला पाहून तिचे हात आपोआप पुढं झाले, आणि मग तिनंच ते मागं घेतले. शिवतेज आतून बाहेर आला. चांगुणाबाई तिच्या दारातून डोकावली, आणि तिच्या मागं आणखी दोघी.

"इहीनबाई, बादलीभर पानी द्या," हौसेराव म्हणाला.

माझ्या या अर्ध्या अंगात त्याच भेगेचा आणखी एक बारीक फाटा आहे. हौसेरावानं मला बुडवलं आणि सगळ्यांसमोर उन्हात ठेवलं. मी वाळलो. रेघ ओली राहिली. "ही अशीच रेघ म्या लग्नाच्या आदुगर बघितली व्हती," तो म्हणाला. "तेल लावून झाकली. दगड माझ्या लेकीनं पाडला न्हाई, नातीचा पायगुण न्हाई. खोट दगडात व्हती, आन् तिच्याहून मोठी माझ्यात. लाज वाटली म्हनून बोललो न्हाई."

शिवतेज मागं वळून भिंतीकडं बघू लागला. आपणही त्या दिवशी मान खाली घालून उभे होतो, हे त्यालाही आठवलं असावं.

गोजराबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हंजी तीन वर्सं म्या भेगंवर लसूण वाटली?"

"व्हय."

"आन् बारशादिवशी तुमी तितंच व्हतासा. दाराशी. ह्यो समदा तमाशा बघत."

"जीभ उचलली न्हाई, इहीनबाई."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग बाळाकडं. बाळ खोकलं. धुळीचा तो कोरडा खोकला तिनं पहिल्यांदाच ऐकला आणि तिचा चेहरा पडला.

"तुमची उचलली न्हाई," ती हळू म्हणाली, "आन् माझी नको तेवढी उचलली. आण गं तिला हिकडं." आणि बाळाला पदराखाली घेऊन तिनं राजलक्ष्मीच्या डोक्यावरून हात फिरवला. राजलक्ष्मी तशीच उभी राहिली. पुढं वाकली नाही, मागंही सरली नाही.

हौसेराव पाया पडायला वाकला तशी गोजराबाई ताठ झाली. "त्ये ऱ्हाऊ द्या. असं करा, नवा वरवंटा घडवा. साधा, काळा. तेलाचा थेंब लावायचा न्हाई. पुढल्या आइतवारी हितं, माझ्या बादलीत, समद्या बायांदेखत बुडवायचा. मग बारसं."

पुढच्या रविवारी दारात बादली आणि आत सजवलेला पाळणा. मी माझ्या जोडीदारासह, त्या दुसऱ्या अर्ध्यासह, उंबऱ्याशी होतो. हौसेरावानं नवा वरवंटा पाण्यातून काढून उन्हात ठेवला आणि उकिडवा बसला. बाया दाटीनं भोवती.

"ह्यो तर दगडाचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला," चांगुणाबाई म्हणाली. "नवरी पसंत पडतीया का न्हाई?"

"तू गप. सावली पाडू नको," गोजराबाईनं तिला मागं सारलं.

हौसेरावाच्या कपाळावर घाम आला होता. पाणी वरच्या टोकाकडून सुकत आलं. मधे आलं. पुढं गेलं. कुठं थांबलं नाही. गोजराबाईनं तो भुरा, कोरडा दगड उचलून फिरवून फिरवून पाहिला, आणि म्हणाली, "घाला कुंची." त्या दुपारी शिवतेजच्या बहिणीनं, बाळाच्या आत्यानं, कानात नाव सांगितलं. प्राची.

नंतर आम्हा दोघांची ताटातूट झाली. माझा जोडीदार गोजराबाईनं ठेवून घेतला. "मला रोज दिसाया पायजे," ती म्हणाली. मला हौसेरावानं मीनाबाईंना दिलं. त्यांनी माझी एक चकती कापली, कागदाहून पातळ घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मुलं पाहतात आणि "वा!" म्हणतात. माझे ऑलिव्हिनचे दाणे तिथं गुलाबी, निळे, पिवळे दिसतात म्हणे. जत्रेतल्या बांगड्यांसारखे. आणि त्यांच्यातून सर्पेंटाइनची रेघ नागमोडी गेलेली. ती तर सगळ्यांना फारच आवडते. कौतुक ऐकून मला मात्र खोपीतला खोकला आठवतो.

मीनाबाईंना भेटायला हौसेराव एकदा इथं आला होता. कपाटापुढं उभा राहिला, पण काचेला हात लावला नाही. "पोर बरी हाय," तो म्हणाला. "रांगती आता. राजी बोलती माझ्याशी, जेवाया वाढती." मग थोडं थांबून म्हणाला, "पर त्ये पंधरा दिस, बाई. त्ये कुनी कुनाला परत दिलं न्हाईत."

मित्रांनो, मी दगड आहे. मला माफी मागता येत नाही, मिळाली तरी ठेवायला जागा नाही. तुमच्याकडं एकच मागतो. घरात कधी काही फुटलं, कप असो, पाटी असो, आईची आवडती बरणी असो, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाकडं लगेच बोट दाखवू नका. आधी खाली वाका, तुकडा उचला, त्याची कड नीट पाहा. आणि ती कड तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल, तर बोला. तिथल्या तिथं बोला. कुणाचं तरी बाळ धुळीत असतं.